स्टब्सचा चित्ता उदास आहे का?

इंग्लंडमधल्या मँचेस्टर आर्ट गॅलरीत जॉर्ज स्टब्स या चित्रकाराचे एक भलेमोठे तैलचित्र आहे. रुंदी जवळजवळ पावणेतीन मीटर, काळ १७६४-६५. खडकाळ माळावर एक चित्ता उभा आहे. त्याच्या डोक्यावरची लाल टोपी मागे सरकवलेली आहे आणि कमरेभोवती लाल पट्टा आहे. पांढरे कपडे आणि पागोटे घातलेला एक भारतीय माणूस त्याच्या मागे वाकला आहे. एका हाताने त्याने पट्टा आवळून धरला आहे, दुसरा हात टोपीवर आहे. शेजारी तशाच वेशातला दुसरा माणूस हात लांब करून काहीतरी दाखवतो आहे. तो दाखवतो त्या बाजूला मोठ्या शिंगांचे एक नर हरीण उभे आहे. रक्त, झेप, धावपळ यांतले चित्रात काहीच नाही.

हे चित्र मी विद्यार्थ्यांसमोर ठेवतो आणि एकच विचारतो: या चित्त्याच्या मनात काय चालले आहे? बहुतेकांचे उत्तर एका शब्दात येते. "उदास." का, असे विचारले की बोट त्याच्या तोंडाकडे जाते. "सर, तो रडतोय की."

वास्तववादी प्राणिचित्राचा भाव वाचताना आपण कुठे फसतो आणि कुठे खरे काही हाती लागते, हे शिकायला यापेक्षा चांगले प्रकरण मला माहीत नाही. म्हणून ते इथे सविस्तर मांडतो.

डोळ्यांखालच्या रेघा

चित्त्याच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून तोंडापर्यंत एक काळी रेघ उतरते. ती प्रत्येक चित्त्याला असते, पोट भरून उन्हात लोळणाऱ्यालाही. बिबट्या आणि चित्ता वेगळे ओळखायची ती सगळ्यात सोपी खूण आहे. स्टब्सने ती रेघ काढली, कारण ती तिथे होती. बघणाऱ्याला मात्र ती ओघळलेल्या आसवांसारखी दिसते आणि त्याच क्षणी सगळ्या चित्राचा अर्थ ठरून जातो: परदेशात नेलेला, बांधलेला, दुःखी प्राणी.

तो परदेशात नेलेला होता हे खरे. बांधलेला होता हेही खरे. पण हे आपल्याला चित्त्याच्या चेहऱ्याने सांगितलेले नाही. आपण ते इतिहासातून आणतो आणि पुरावा म्हणून त्या रेघेकडे बोट दाखवतो. प्राणिचित्र वाचायला बसताना त्या जातीच्या प्राण्याला जन्मापासून जे असते ते आधी बाजूला काढावे. डॉल्फिनचे हसू, घुबडाचा गंभीरपणा, चित्त्याचे अश्रू ही सगळी हाडाची, पिसांची, कातडीची ठेवण आहे. ते वजा केल्यावर जे उरते, ते त्या क्षणाचे असण्याची शक्यता असते.

इथे काय उरते? चित्ता चारही पायांवर उभा आहे. दबा धरलेला नाही. शिकारीवर जाणारा चित्ता डोके खांद्यांच्या रेषेखाली घेतो आणि अंग चोरून एकेक पाऊल टाकतो. तशी तयारी या शरीरात नाही. मागच्या बाजूला पट्ट्याची ओढ आहे, डोक्यावर माणसाचा हात आहे. म्हणजे हा प्राणी अजून सुटलेला तर नाहीच, पण सुटण्याच्या बेतात असल्याचेही त्याचे अंग सांगत नाही.

शरीरावर इतका विश्वास का ठेवायचा, असा प्रश्न कुणीतरी विचारतेच, आणि तो योग्यच आहे. उत्तर स्टब्सच्या चरित्रात आहे. १७२४ साली लिव्हरपूलला चामडे कमावणाऱ्याच्या घरी हा माणूस जन्मला. तिशी ओलांडल्यावर लिंकनशायरमधल्या हॉर्क्स्टो नावाच्या गावी एका शेतघरात जवळपास दीड वर्ष तो मेलेले घोडे टांगून, थर सोलत, स्नायू न् स्नायू कागदावर उतरवत राहिला. त्यातून १७६६ साली घोड्याच्या शरीररचनेवरचे त्याचे पुस्तक निघाले. त्यातली कोरीवचित्रे त्याने स्वतःच्या हाताने केली. म्हातारपणी तो माणूस, वाघ आणि कोंबडी यांच्या शरीररचनेची तुलना करत होता आणि १८०६ साली मरेपर्यंत ते काम चालू होते. असा माणूस जनावराचा पाय कुठेही, कसाही ठेवत नाही.

शिवाय त्याला भीती आणि थरार रंगवता येत नव्हता असेही नाही. घोड्यावर झडप घालणारा सिंह हा विषय त्याने १७६० च्या दशकापासून तीसेक वर्षे पुन्हा पुन्हा हाताळला. त्या घोड्यांचे डोळे फाटलेले आहेत, आयाळ उडते आहे, मान पिळवटली आहे. ते ज्याला जमते त्याने चित्त्याच्या चित्रात ते केलेले नाही. मला इथे ठाम निवड दिसते.

विंडसरला काय झाले

या चित्त्याची हकिकत नोंदलेली आहे. मद्रासचा गव्हर्नर जॉर्ज पिगॉट १७६३ साली पद सोडून इंग्लंडला परतला. (पानिपत होऊन दोनच वर्षे झाली होती आणि पुण्यात माधवराव पेशवे गादीवर होते, काळ लक्षात यावा म्हणून सांगतो.) पिगॉटने राजा तिसऱ्या जॉर्जला एक शिकारी चित्ता भेट दिला. त्याला सांभाळणारी भारतीय माणसेही सोबत होती. राजाचा काका, ड्यूक ऑफ कंबरलँड, विंडसर ग्रेट पार्क या राजघराण्याच्या राखीव रानाचा कारभार पाहत असे. ३० जून १७६४ रोजी तिथे चित्त्याची शिकार बघायचा कार्यक्रम ठरला. उंच जाळी लावून जागा बंदिस्त केली, आत एक शिंगाळे हरीण सोडले आणि लोक बघायला जमले.

चित्त्याने आधी हरणाच्या मागच्या बाजूला तोंड घालायचा प्रयत्न केला, नंतर गळ्याला. हरणाने दरवेळी त्याला शिंगांनी उडवून लावले आणि शेवटी उलट त्याच्याच अंगावर धावून गेले. चित्ता वळला, जाळीबाहेर पडला आणि रानात शिरला. तिथे त्याने फॅलो जातीचे एक लहान हरीण धरून मारले. त्याची दोन माणसे मागोमाग पोचली. त्यांनी त्याचे डोळे झाकले, हरणाचा गळा चिरला, मांसाचा वाटा त्याला दिला आणि त्याला ताब्यात घेतले.

हा प्रसंग कळला की वर्गातली मते झटकन बदलतात. उदासचा घाबरलेला होतो. "त्याला माहीत होते आपण हरणार." पण हेही वाचन चित्राबाहेरूनच आले आहे. निकाल आपल्याला ठाऊक आहे, चित्त्याला नव्हता. चित्रातला क्षण पहिल्या झेपेच्याही आधीचा आहे.

आणि जे घडले त्याची सगळी सामग्री स्टब्सने काढून टाकली आहे. जाळी नाही, बघे नाहीत, ड्यूक नाही. विंडसरची हिरवी कुरणेही नाहीत. आहे तो माळ ना धड इंग्लंडातला, ना धड मद्रासकडचा. मागे उरतात दोन माणसे आणि दोन जनावरे.

चित्तेवानाच्या नजरेने

इथून पुढचे वाचन करताना मला कोल्हापूर आठवते, आणि ते ओढूनताणून नव्हे. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात आणि पुढे राजाराम महाराजांच्याही काळात कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळले जात आणि त्यांच्याकडून काळविटांची शिकार होई. भारतातले चित्ते तोवर दुर्मीळ झाले होते, म्हणून ते आफ्रिकेतून मागवले जात. त्यांना सांभाळणारे, शिकवणारे ते चित्तेवान. ही विद्या भारतात शतकानुशतके चालत आलेली होती. अकबराच्या दरबारी चित्त्यांना जरीच्या झुली आणि रत्नजडित साखळ्या होत्या, त्यांचे दर्जे ठरलेले होते. हरणामागे मोठी घळ उडी मारून ओलांडणाऱ्या एका चित्त्याला सगळ्या चित्त्यांचा प्रमुख करून त्याच्यापुढे नगारा वाजवायचा हुकूम अकबराने दिला, अशी नोंद आहे. तेव्हा स्टब्सच्या चित्रातली लाल टोपी आणि पट्टा हे नुसते बंधन समजणे अपुरे आहे. तो त्या जनावराचा कामावरचा पोशाख आहे.

काम कसे चाले ते थोडे सांगायला हवे, कारण चित्राची किल्ली तिथे आहे. शिकारीचा चित्ता पिलापासून वाढवत नसत. पिलू आईकडून शिकार शिकते. माणसाने वाढवलेल्याला ती येत नाही. म्हणून रानातला मोठा चित्ता पकडायचा आणि माणसाळवायचा. त्याला बाजारातून हिंडवायचे, गर्दीची, आवाजाची सवय लावायची. शिकारीला जाताना डोळे झाकलेला चित्ता गाडीत बसवायचा, कारण माळावरची काळविटे बैलगाडीला बुजत नाहीत. कळप टप्प्यात आला की टोपी काढायची, त्याचे तोंड कळपाकडे वळवायचे आणि थांबायचे. चित्त्याने शिकार हेरली, नजर खिळली, अंग ताणले गेले, की दोर सोडायचा. पुढचे सगळे काही सेकंदांत होते. धाव काहीशे मीटरची. हाताला लागला तर काळवीट खाली. नाही लागला तर चित्ता दमून थांबतो आणि त्या दिवशी पुन्हा धावेलच असा भरवसा नसतो. शिकार झाली की चित्तेवान धावत जातो, जनावराचा गळा कापतो, पळीत रक्त धरून किंवा मांसाचा तुकडा पुढे करून चित्त्याला शिकारीवरून सोडवतो आणि पुन्हा टोपी चढवतो.

आता विंडसरच्या रानातला शेवट पुन्हा वाचा. डोळे झाकले, गळा चिरला, वाटा दिला. बघायला आलेल्यांच्या लेखी तो पळून गेलेल्या श्वापदाचा गोंधळ होता. त्या दोन माणसांनी मात्र नेहमीचे काम नेहमीच्या क्रमाने पुरे केले. चुकले होते ते आधी. चित्ता चाळीस-पन्नास किलोचा. तो त्याच्याच वजनाच्या आसपासच्या, मोकळ्या माळावर पळणाऱ्या काळविटासाठी शिकवलेला. त्याच्यापुढे त्याच्या तिप्पट-चौपट वजनाचे, पळायला जागा नसलेले हरीण उभे केले. पळत नाही ती शिकार चित्त्याला कशी धरावी ते कळत नाही. मागून पाय अडकवून पाडणे हीच त्याची रीत. सुटल्यावर त्याने रानात स्वतःच्या आवाक्यातले हरीण शोधले. माझ्या मते त्या दिवशी त्या बंदिस्त जागेत आपले काम कळणारे तिघेच होते: ती दोन माणसे आणि तो चित्ता.

या माहितीवर चित्राकडे परत या. वाकलेल्या माणसाचे दोन हात दोन वेगळी कामे करत आहेत. टोपीवरचा हात दाखवतो आहे, पट्ट्यावरचा हात अडवतो आहे. पाहा म्हणतो आणि थांबही म्हणतो. उभ्या माणसाचा हात दिशा देतो. म्हणजे चित्रातला क्षण अगदी नेमका आहे: टोपी निघाली आहे, नजर खिळायची आहे, पट्टा सुटायचा आहे. आणि चित्त्याचे अंग अजून ताणलेले नाही. त्या क्षणी चित्तेवानाच्या मनात एकच गोष्ट असणार, हा घेतो की नाही. चित्राचा भाव मला त्या न ठरलेल्या गोष्टीत सापडतो. त्याला उदासी म्हणता येणार नाही, भीतीही म्हणता येणार नाही. जनावर तयार आहे का, हे हाताने चाचपून बघणाऱ्या माणसांची ती एकाग्रता आहे, आणि चित्त्याचा भाव तिच्यापासून तोडून वाचता येत नाही.

हे एकाच चित्रावरून म्हणत नाही. स्टब्सच्या पुढच्या कामात याचा मोठा दाखला आहे. उत्तर आयर्लंडमधल्या माउंट स्टुअर्ट या वाड्यात त्याचे १८०० सालचे 'हॅम्बलटोनियन' या शर्यतीच्या घोड्याचे चित्र आहे. १७९९ साली न्यूमार्केटला हा घोडा चाबूक आणि टाचांचे काटे खात जेमतेम अर्ध्या मानेने जिंकला होता. मालकाला विजयाचे चित्र हवे असणार. स्टब्सने शर्यतीनंतर अंग पुसून घेणारा थकलेला घोडा काढला. त्याच्याजवळ मोतद्दार आणि तबेल्यातला पोरगा आहेत. पोराचा हात घोड्याच्या अंगावर आहे आणि दोघे सरळ आपल्याकडे बघत आहेत. मालकाशी पैशांवरून स्टब्सला कोर्टात जावे लागले. तो घोडा किती सोसून आला आहे हे घोड्याच्या डोळ्यांपेक्षा त्या पोराच्या हातातून कळते. जनावराचे मन त्याच्याशी रोज झटणाऱ्या माणसाच्या हातातून दाखवायचे, ही स्टब्सची रीत होती असे माझे मत आहे आणि चित्त्याच्या चित्रात ती पस्तीस वर्षे आधीच पूर्ण दिसते.

साम्राज्याचे रूपक?

चित्ता म्हणजे हिंदुस्थान, हरीण म्हणजे इंग्लंड, आणि हरीण जिंकले, हे वाचन फार लवकर सुचते. प्लासीची लढाई १७५७ ची, वांदिवाशची १७६० ची. काळ तसाच होता. हुशार विद्यार्थी तर हमखास इथे पोचतात. त्यांचा हिरमोड करायला मला आवडत नाही, पण हे चित्र पिगॉटसाठी केले होते हे त्यांना सांगावेच लागते. चित्ता ही त्याची भेट होती, त्याची शान होती. १७६४ च्या अखेरीस त्याला बॅरोनेट ही पदवीही मिळाली. आपल्याच भेटीचा पराभव त्याने हौसेने भिंतीवर लावला असता, हे पटत नाही. चित्र १७६५ साली लंडनच्या सोसायटी ऑफ आर्टिस्ट्सच्या प्रदर्शनात लागले तेव्हा त्याचे नाव होते 'शिकारी वाघाचे व्यक्तिचित्र' (चित्त्यालाही तेव्हाचे इंग्रज वाघच म्हणत). नावात हरीण नव्हते, आणि ती दोन माणसेही नव्हती.

साम्राज्य या चित्रात आहेच, पण मला ते त्या नावात जास्त स्पष्ट दिसते. ज्यांच्या हातांशिवाय तो चित्ता एक पाऊलही हलू शकत नव्हता, त्यांना शीर्षकात जागा मिळाली नाही. कॅनव्हासवर मात्र स्टब्सने त्यांना पुरेपूर जागा दिली. चेहरे रंगवताना त्याने साचा वापरलेला नाही, कपड्यांच्या चुण्यांवर चित्त्याच्या ठिपक्यांइतकेच कष्ट घेतले आहेत, आणि चित्राची सगळी हालचाल त्यांच्या हातांतून जाते. चित्र १९७० साली मँचेस्टरच्या संग्रहात आले. आज ते चित्ता, हरीण आणि दोन भारतीय सेवक अशा नावाने ओळखले जाते. सेवक हा शब्द मला अजूनही खटकतो. ते त्या कामातले जाणकार होते.

आणि हरीण

हरणाबद्दल माझे मत वर्गात सगळ्यात जास्त वादाचे ठरते. ते पळत नाही. कुणी म्हणते स्टब्सला चित्राच्या चौकटीत ते बसवायचे होते म्हणून; कुणी म्हणते भीतीने गोठले आहे. मला दोन्ही पटत नाही. चौकटीसाठी प्राण्याला खोटे उभे करणे हॉर्क्स्टोच्या माणसाला शोभत नाही. आणि शिकारीची चाहूल लागलेले मोठे हरीण आधी उभे राहून बघते. ताडोब्याला सांबर पाहिलेल्या कुणालाही हे ठाऊक असेल. ज्याने आपल्याला हेरले आहे त्याच्याकडे टक लावून राहणे, ही त्याची अंदाज घेण्याची पद्धत आहे.

म्हणजे चित्रातले चौघेही अंदाज घेत आहेत. चित्तेवान चित्त्याचा, चित्ता समोरच्याचा, हरीण चित्त्याचा. १७६५ च्या प्रदर्शनात उभ्या असलेल्या इंग्रज प्रेक्षकांपैकी अनेकांना गेल्या जूनचा निकाल ठाऊक होता, त्यामुळे त्यांना त्या हरणात जिंकणारा दिसला असेल. पट्टा धरलेल्या माणसाला तिथे आपल्या चित्त्याच्या मापाबाहेरचे जनावर दिसत असणार. दोन्ही वाचनांना चित्रात आधार आहे. मी दुसरे निवडतो, कारण त्या माणसाने पट्टा अजून सोडलेला नाही.